अकरा डिश, बुरशी आणि मी

एका रविवारी सकाळी मी प्रज्ञा मेश्रामच्या अकरा डिश बुरशी लागली म्हणून ब्लीचमध्ये बुडवल्या. ती बुरशी नव्हती. तो तिचा प्रबंध होता.

हे एवढं लिहायला मला बरीच वर्षं लागली. नोकरीतल्या आठवणी लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी आधी दुसराच लेख लिहायला घेतला होता. नोकरीत कोणकोणती मोठी माणसं जवळून पाहिली, कोण माझ्याशी कसं आपुलकीने बोललं वगैरे. बायकोने दोन पानं वाचून खाली ठेवली आणि म्हणाली, "यात तुम्ही काहीच केलेलं दिसत नाही." म्हणून जे केलं ते सांगतो.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहायक होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, तिची अब्रू माझ्यापेक्षा मोठी आहे. सहायक म्हणजे शास्त्रज्ञ नव्हे, हा खुलासा इथेच करून टाकतो. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तो मी वेळेवर केला नाही आणि त्याचा ताप झाला. सोसायटीच्या सभेत कुणीतरी विचारलं, "शिंत्रे, तुम्ही नक्की करता काय?" मी ऐटीत म्हणालो, "आम्ही मेंदूच्या पेशी वाढवतो." आठवड्याच्या आत तळमजल्यावरचे नेने आपल्या चिरंजीवांना घेऊन दारात उभे. मुलगा गणितात दुसऱ्यांदा नापास झाला होता. नेन्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "थोड्या याच्यात घालता येतील का?" मी म्हटलं, अहो, त्या उंदराच्या आहेत. नेने जरा विचारात पडले आणि म्हणाले, "चालतील."

मी नोकरीला लागलो तेव्हा परदेशातून एखादं रसायन मागवायचं म्हणजे अर्ज, परवाना, पुन्हा अर्ज, आणि शेवटी मुंबईच्या कस्टममध्ये खोकं अडकायचं. आमची रसायनं कोरड्या बर्फात ठेवून यायची. कोरडा बर्फ वितळत नाही, नुसता उडून जातो. खोकं हातात पडायचं तेव्हा आत कोमट बाटली आणि बाहेर 'गोठवून ठेवा' अशी सूचना. मग नव्वदीत सगळं मोकळं झालं, आणि एक दिवस कुरियरवाल्याने आणून दिलेल्या खोक्यात हात घातला तर बोटं भाजली. बर्फ शिल्लक होता. उदारीकरण म्हणजे काय यावर लोकांनी जाड पुस्तकं लिहिली आहेत. मला ते बोटांना कळलं.

त्याच वाऱ्याबरोबर आमची मुलंही गेली. झूलॉजीची, बॉटनीची, चांगली पहिल्या वर्गात पास झालेली मुलं कुठेतरी तीन महिन्यांचा कोर्स करायची आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या बसमध्ये बसायची. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून ते वाचवायला माणसं हवी होती. आमचे उंदीर वाचवायला कुणी येत नव्हतं.

जी थोडी मुलं राहिली त्यांत प्रज्ञा होती. भंडारा जिल्ह्यातलं गाव, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. घरातली शिकायला इतक्या लांब आलेली ती पहिली. बारीक चणीची, हळू बोलणारी, आणि प्रश्न विचारायला लागली की थांबायची नाही अशी. आमच्या प्रमुख होत्या केतकर मॅडम. त्या स्तुती करताना आणि कान उपटताना एकाच पट्टीत बोलायच्या, त्यामुळे दोन्हींत फरक कळायला मला सहा वर्षं लागली. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी नळ्यांवर शाईच्या पेनने नावं घातली आणि नळ्या बर्फात ठेवल्या. तासाभरात सगळ्या नळ्या अनाथ. मॅडम एवढंच म्हणाल्या, "शिंत्रे, वाण्याच्या दुकानाची पाटीसुद्धा पावसाचा विचार करून रंगवतात."

आता आमचं काम काय होतं ते सांगतो. मॅडमनी मला सांगितलं तसंच सांगतो, म्हणजे चूक झाली तर माझी.

गर्भाच्या मेंदूत मधोमध पाण्याने भरलेली एक पोकळी असते. तिच्या काठाने मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, दाटीने उभ्या असतात. एकेक पेशी सडपातळ आणि लांबलचक. पाय पोकळीच्या काठाशी, आणि वर निघालेला धागा थेट मेंदूच्या बाहेरच्या सालीला भिडलेला. सुरुवातीला ती विभागते तेव्हा आपल्यासारख्याच दोन करते. आधी मनुष्यबळ वाढवायचं, काम नंतर. पुरेशा झाल्या की पद्धत बदलते. एक आपल्यासारखी ठेवते आणि दुसरीला न्यूरॉनच्या, म्हणजे चेतापेशीच्या, वाटेला लावते. ही नवी पेशी आईच्याच लांब धाग्याला धरून वर चढत जाते. आधी जन्मलेल्या खाली थांबतात, नंतरच्या त्यांच्यामधून वाट काढून वरच्या थरात जाऊन बसतात. म्हणजे कुणाचा जन्म कधी, यावर त्याची जागा ठरते. आणि एकदा न्यूरॉन झाली की ती पुन्हा कधी विभागत नाही.

यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. मूळपेशीचं केंद्रक त्या लांब शरीरात सारखं वर-खाली करत असतं. पण विभागायची वेळ आली की ते खाली, पोकळीच्या काठाशीच येतं. दर खेपेला. मी मॅडमना म्हटलं, "म्हणजे बाळंतपणाला माहेरी." मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांना त्यांनी हेच सांगितलं आणि माझं नाव घेतलं नाही. तेव्हापासून मी त्यांना मोठं मानतो.

प्रज्ञाचा प्रश्न असा होता: मूळपेशीला आपली वेळ कळते का? उशिराच्या गर्भातली मूळपेशी मेंदूतून काढून डिशमध्ये ठेवली, भोवती ना पोकळी ना साल, तरी ती 'आता वरच्या थराचे न्यूरॉन करायची वेळ झाली' हे लक्षात ठेवते का? यासाठी आधी त्या पेशी डिशमध्ये जगवाव्या लागतात. वाढीचं द्रव्य घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या खाण्यात, त्या विभागत राहतात आणि साबुदाण्याच्या दाण्यासारखे छोटे गोळे करून तरंगतात. मग ते द्रव्य काढून घ्यायचं, डिशच्या तळाला एका प्रथिनाचा लेप द्यायचा, आणि वाट बघायची. नशिबात असेल तर गोळे तळाला चिकटतात आणि त्यांतून न्यूरॉन निघतात.

दीड वर्ष ते तिच्या नशिबात नव्हतं. गोळे चिकटायचे नाहीत, चिकटले तर मरायचे. त्यातून श्रावणात आमच्या इन्क्युबेटरमध्ये खरीखुरी बुरशी शिरली. पावसाळ्यातल्या पुण्यात चपला, लोणची आणि पेशी या तिन्हींना ती सारखीच लागते. त्या वेळी सगळं फेकून द्यावं लागलं. तेव्हापासून मी बुरशीच्या बाबतीत फार जागरूक झालो होतो. नव्या मुलांना सांगायचो, "बुरशी मी दारातून ओळखतो." अशी वाक्यं माणसाने बोलू नयेत.

ऑक्टोबरात प्रज्ञाने लेपाचं प्रमाण बदलून नव्या डिश लावल्या आणि चार दिवस घरी गेली. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईवडिलांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा तिचा नेम होता. जाताना म्हणाली, "काका, रविवारी फक्त बघून घ्या. हात नका लावू. काही वाटलं तर मॅडमना फोन करा." इन्क्युबेटरच्या दारावर तशी चिठ्ठीही चिकटवली.

रविवारी मी डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली. पेशींच्या प्रत्येक गोळ्यातून चहूबाजूंनी बारीक धागे निघाले होते. दुसरी डिश, तेच. तिसरी, तेच. अशा अकराही पाहिल्या, दोन तेवढ्या सुटल्या होत्या. बुरशीचेही असेच धागे असतात. मला दिसली ती श्रावणातली गोष्ट. आमच्याकडे एक रीत होती: शंका आली की आधी मोठ्या भिंगाखाली बघायचं, मग दुसऱ्या कुणाला दाखवायचं, मग टाकायचं. मी ती रीत शेवटाकडून सुरू केली. एकीला लागली म्हणजे सगळ्यांना लागणार, या न्यायाने अकराही डिशमध्ये ब्लीच ओतलं. मग नोंदवहीत काय लिहावं म्हणून शेवटची डिश मोठ्या भिंगाखाली धरली.

बुरशीचा धागा बांबूसारखा असतो, एकाच जाडीचा, मध्ये पेरं पडलेला. हे धागे मुळाशी जाड आणि पुढे निमुळते होत गेलेले. आणि टोकाला तळहातासारखं काहीतरी पसरलेलं, बारीक बोटं फुटलेलं. असं टोक फक्त न्यूरॉनच्या धाग्याला असतं. तो वाट चाचपत पुढे जातो, त्याचा तो हात. ब्लीचमध्ये ती बोटं माझ्यासमोर आखडली.

मी वहीत लिहिलं: 'अकरा डिश. बुरशी. नष्ट केल्या.' खाली सही केली. सही मात्र नेहमीपेक्षा वळणदार आली.

प्रज्ञा आली, वही वाचली. दुपारी येऊन म्हणाली, "काका, माझाच हात साफ नाही. माझ्याच डिशला लागते." मी म्हणालो, "हवाच तशी आहे." हे दुसरं खोटं. यानंतर मोजायचं सोडून दिलं. ती दर कामाआधी कोपरापर्यंत स्पिरिटने हात चोळू लागली. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटांच्या पेरांवरची कातडी सोलवटलेली दिसली. मी जेवणाच्या डब्याकडे बघत बसलो.

तिच्या फेलोशिपचे काही महिनेच उरले होते. होस्टेलवरच्या मैत्रिणीने तिचाही अर्ज एका सॉफ्टवेअर कंपनीत टाकला होता आणि तिथून बोलावणं आलं होतं. सोमवारपासून ट्रेनिंग. तिने मॅडमना सांगितलं, मॅडमनी "तुझा निर्णय" म्हटलं. एकच वाक्य बोलून मी हे थांबवू शकत होतो, आणि रोज ते वाक्य घेऊन घरी परत यायचो. ज्याला बुरशी दारातून ओळखता येते त्याने हे कबूल कसं करायचं? आज लिहिताना हे फार क्षुल्लक वाटतं. तेव्हाही क्षुल्लकच होतं, पण माझं होतं.

नवव्या दिवशी मेश्राम गुरुजी आले, मुलीचं होस्टेलवरचं सामान कंपनीच्या जवळच्या खोलीत हलवायला. पांढरा सदरा, पांढरी पॅन्ट, खिशाला दोन पेनं. प्रज्ञाने आमची ओळख करून दिली आणि आम्ही तिघं कँटीनमध्ये चहाला बसलो.

"लई सांभाळलं तुम्ही पोरीला," गुरुजी म्हणाले. "पत्रात सारखं काका काका लिहिते."

मी बशीत चहा ओतला. मी बशीने चहा पीत नाही.

"आता तिचाच हात साफ नाही म्हणून राहिली, तर तुम्ही तरी काय करणार?" गुरुजी हसले, पण हसू पुरतं आलं नाही. "तीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची नखं तपासली साहेब. आपल्याच पोरीचे हात खराब निघाले."

प्रज्ञाने हात टेबलाखाली घेतले.

ते बघून माझ्या तोंडून निघालं. ठरवून निघालं असतं तर आणखी नऊ दिवस गेले असते. "गुरुजी, तिचे हात चांगले आहेत," मी म्हणालो. "डोळे माझे खराब आहेत. प्रज्ञा, ती बुरशी नव्हती. न्यूरॉन होते. मी ब्लीच ओतल्यावर मला कळलं. वहीत खोटं लिहिलं."

मी शिव्या खायला तयार होतो, खरं म्हणजे वाटच बघत होतो. प्रज्ञाने हात परत टेबलावर ठेवले. मग म्हणाली,

"धागे किती लांब होते?"

"काय?"

"धागे, काका. गोळ्याच्या मानाने किती लांब? गोळ्याएवढे की दुप्पट?"

"दुप्पट. काही तिप्पट."

"टोकं पाहिली?"

"पाहिली. हातासारखी."

तिने पर्समधून एक लांब पाकीट काढलं, आतलं पत्र बाजूला ठेवलं, पाकीट उलटं करून माझ्यापुढे सरकवलं. "काढा."

मी चित्र काढलं. नऊ दिवस डोळे मिटले की तेच दिसत होतं, त्यामुळे हात कुठे अडला नाही. पाकिटावर कंपनीचा पत्ता होता हे मला चित्र पूर्ण झाल्यावर दिसलं.

"सगळ्या अकरांमध्ये होते?"

"नऊमध्ये. दोनात गोळे नुसते तरंगत होते."

"कोणत्या दोन?"

"खालचा कप्पा, उजवीकडच्या."

ती खुर्चीत मागे टेकली. "त्या दोन जुन्या मीडियमच्या होत्या," वडिलांना सांगावं तसं म्हणाली. "त्यांतलं वाढीचं द्रव्य मी काढलंच नव्हतं. बरोबरी करायला ठेवल्या होत्या. त्यांत नाही आणि बाकी सगळ्यांत आहे. बाबा, जमलं होतं." मग माझ्याकडे वळली. "त्या दोनांत धागे नव्हते ना? मग त्या का टाकल्या?"

"एकीला लागली की सगळ्या टाकतो आपण."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. गुरुजी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "म्हणजे सोमवारचं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही जात मी."

"पक्की नोकरी आहे ती, बाई."

"हो."

"आणि हे," गुरुजींनी पाकिटावर बोट ठेवलं, "हे साहेबांच्या हातचं चित्र आहे."

त्या बोटाचं वजन मला पुढे सहा महिने जाणवत होतं.

मॅडमसमोर मी उभा राहिलो तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "मूळपेशीसुद्धा काहीतरी व्हायला इतका वेळ घेत नाही, शिंत्रे." मग नोंदवही पुढे केली. जुन्या ओळीवर काट मारायची नाही, खाली नवी ओळ लिहायची, असा आमचा नियम. मी लिहिलं: 'वरील नोंद चुकीची. बुरशी नव्हती. न्यूरॉन होते. तपासणी न करता नष्ट केल्या, नऊ दिवस सांगितलं नाही.' मॅडमनी खाली सही केली आणि माझ्या हाती कॅमेरा दिला. यापुढे प्रज्ञाच्या प्रत्येक डिशचा रोज फोटो काढायचा, दुसरं काही नाही. बाटली उचलायचीसुद्धा नाही. मला काढून टाकता आलं असतं. ते त्यांनी का केलं नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याच हाताखाली राहिलो, त्यामागे त्या दिवसाचं ऋण आहे.

पुन्हा सुरुवात करायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगायला हवं. हव्या त्या दिवसाचा गर्भ हवा तर उंदीर-उंदरीण योग्य दिवशी एकत्र ठेवावे लागतात, दिवस मोजावे लागतात. मी ब्लीचमध्ये बुडवलेल्या अकरा डिशमागे अशा उंदरिणी आणि त्यांची पिल्लं गेली होती. विज्ञानासाठी गेली म्हणून मनाला समजावायची आमची सवय असते. ती माझ्या घाईसाठी गेली. आजही याचं काय करावं ते मला सुचत नाही. लेपाचं प्रथिन संपलं होतं, ते परदेशातून यायला पाच आठवडे लागले, आणि आलं तेव्हा बर्फ शिल्लक होता म्हणून मी कुरियरवाल्याला दोनदा धन्यवाद दिले. तो घाबरून निघून गेला.

पहिली खेप फसली. गोळे चिकटलेच नाहीत. दुसऱ्या खेपेला चिकटले आणि काळे पडले. एकदा प्रज्ञा ते पाकीट काढून बघत बसलेली मी पाहिली. माझ्या डोळ्यांवर विसंबून एका मुलीने पक्की नोकरी सोडली होती, आणि माझे डोळे कसे आहेत हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. ती खरोखरच बुरशी असली तर? मी घरी बसून एक जुनं पुस्तक काढून बुरशीची चित्रं बघायचो आणि पेरं मोजायचो.

तिसऱ्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोटोसाठी डिश ठेवली. गोळ्यांतून धागे निघाले होते. मी हात मागे बांधले आणि दारातून हाक मारली. प्रज्ञा आली, मॅडम आल्या. दर काही मिनिटांनी एक फोटो, असे आम्ही दुपारपर्यंत काढले. एकापुढे एक लावले तेव्हा ती हातासारखी टोकं पुढे सरकताना दिसली. बोट काढायचं, चाचपायचं, आखडायचं, दुसरीकडे काढायचं. काही तासांपूर्वी जिथे काहीच नव्हतं तिथे एक पेशी वाट शोधत होती. माझ्या कवटीत हे कधीतरी झालं असेल, तेव्हा कुणी बघायला नव्हतं. मी बी.एस्सी.ला एकदा गटांगळी खाल्लेला माणूस. मला हे डोळ्यांनी बघायला मिळालं, आणि ज्या मुलीचं मी नुकसान केलं तिने शेजारी उभं राहून दाखवलं.

पुढचं वर्ष रंग लावण्यात आणि मोजण्यात गेलं. फेलोशिप संपली तरी ती राहिली. काही पेशींनी आपली वेळ लक्षात ठेवली होती, काहींनी नव्हती. तिने प्रबंधात ते तसंच लिहिलं, एकाही बाजूला न ओढता.

तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी गुरुजी आले होते. परीक्षकांनी बाहेर येऊन 'डॉक्टर मेश्राम' म्हटलं. गुरुजींनी खिशातलं एक पेन काढून पुन्हा खिशाला लावलं. पेढे वाटले गेले. प्रज्ञा सगळ्यांसमोर म्हणाली, "काकांच्या चित्रामुळे मी थांबले." मॅडमनी नाही म्हटलं नाही. मला भरून आलं. अशा वेळी गप्प बसावं एवढी अक्कल मला मूळपेशींनी दिली नाही. मी गुरुजींचा हात हातात घेऊन म्हणालो, "गुरुजी, माझा आपला खारीचा वाटा."

गुरुजींनी तोंडातला पेढा सावकाश संपवला.

"हो ना साहेब," ते म्हणाले. "तुम्ही नसते, तर पोरगी सहा महिने आधीच झाली असती डॉक्टर."